फ्लॅपरचा फ्रॉक आणि परतीच्या तिकिटाचं नाणं

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला समजला तसा आधी मांडते. कॉलेजच्या एकांकिकेत तुम्हाला १९२६ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका टायपिस्ट मुलीचं काम मिळालंय. दिग्दर्शकाचं म्हणणं, ती 'फ्लॅपर' आहे, म्हणजे बंडखोर मुलगी. तेव्हा अंगभर झालरींचा चमचमता फ्रॉक, कपाळाला पट्टी, पट्टीत पीस आणि हातात वीतभर लांब सिगारेटची नळी. तुम्हाला ते गॅदरिंगमधल्या फॅन्सी ड्रेससारखं वाटतंय. 'हे बरोबर आहे का?' असं विचारून झाल्यावर शेवटी तुम्ही हळूच एक ओळ लिहिलीय, 'खरं तर ही मुलगी कशाविरुद्ध बंड करतेय तेच मला सापडत नाहीये.'

मी सव्वीस वर्षं नाटकांची वेशभूषा करतेय. नटी असं म्हणते तेव्हा घोळ फक्त कपड्याचा नसतो. ती मुलगी सकाळी कुठे जाते, पैसे कुणाचे खर्च करते, रात्री दार कोण उघडतं, हे कुणीच ठरवलेलं नसतं. मग त्या रिकाम्या जागेवर झालरी येऊन बसतात. फ्रॉकचं सांगतेच, पण वाट तुमच्या त्या शेवटच्या ओळीवरून जाते.

आधी एक कबुली. 'फ्लॅपर कशी दिसायची' याला एक उत्तर नाही. साल बदललं की उत्तर बदलतं. १९२० साली फ्रॉकची उंची घोट्याच्या थोडी वर होती. १९२३ च्या सुमाराला ती पुन्हा जवळजवळ घोट्यापर्यंत उतरली. १९२५ पासून भराभर वर गेली, १९२६-२७ साली गुडघ्याशी पोचली आणि तोच कळस. १९२९ मध्ये पॅरिसच्या ज्याँ पातू या फॅशन डिझायनरने ती परत खाली आणली. म्हणजे ज्या आखूड फ्रॉकवरून आपण सगळं दशक ओळखतो, तो टिकला जेमतेम तीन-चार वर्षं. तुमचं साल १९२६ आहे, त्यामुळे गुडघ्याच्या दोन बोटं खाली अशी उंची धरा. त्याहून वर नको. मांडी दिसणारा फ्रॉक त्या काळातल्या धीट मुलीनेही घातलेला नाही.

गाव बदललं तरी उत्तर बदलतं. मॅनहॅटनमध्ये जे रोजचं होतं, त्यावरून आर्कान्सामधल्या एका मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागली. नोबेल नावाच्या छोट्या गावातल्या शाळेने १९२१ साली नियम केला होता: पारदर्शक मोजे नकोत, खोल गळा नको, चेहऱ्याला रंगरंगोटी नको. पर्ल पग्सली ही विद्यार्थिनी तोंडाला टाल्कम पावडर लावून आली. धुऊन ये म्हटलं, तिने नकार दिला, शाळेने दार बंद केलं. लिपस्टिक नाही हं, टाल्कम पावडर, आपण बाळाला आंघोळीनंतर लावतो ती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२३ मध्ये न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. तेव्हा तुमच्या नाटकातल्या मुलीचं मूळ गाव कोणतं, हे लेखकाला विचारा. ती लहान गावातून न्यूयॉर्कला आलेली असेल तर आरशासमोर पावडरचा पफ हातात घेणं हाच एक प्रसंग आहे.

आता झालरींबद्दल, आणि इथे माझीच चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका नाटकासाठी मी अशीच फ्लॅपर उभी केली होती. नायलॉनच्या झालरी, सात ओळी, उंची मांडीपर्यंत. टाळ्या पडल्या. प्रयोगानंतर एक वयस्कर बाई आत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मुलगी छान करते काम. पण ही ऑफिसातून आलीय असं तुम्ही म्हणता, मग ही कुठल्या ऑफिसात बसते?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी जुने फोटो, जुन्या शिवणपत्रिका असं सगळं धुंडाळायला लागले.

झालरी त्या काळात नव्हत्या असं नाही. संध्याकाळच्या काही उंची पोशाखांना रेशमी झालर असायची, पण ती जड आणि महाग. मण्यांचे फ्रॉक तर इतके जड की ते खांद्यावरून टांगून ठेवले तर कापड फाटायचं. घडी घालून पेटीत ठेवावे लागत. टायपिस्टकडे असा एखादा असलाच तर एकच. कपाळाची पट्टी आणि पीस यांचं आजचं वेड बरंचसं नंतरच्या सिनेमांनी आणि पार्टीच्या पोशाखांनी दिलेलं आहे.

मग ती घालायची काय? सरळ, खांद्यावरून खाली सोडलेला फ्रॉक. शिवणकाम येत असेल तर लगेच कळेल: बाळाचं झबलं मोठं करा आणि कंबरेचा पट्टा कंबरेवर न ठेवता नितंबांच्या हाडावर आणा, झाला फ्रॉक. दोन शिवणी खांद्याच्या, दोन बाजूच्या. छातीला चिमटे नाहीत, कंबरेला कळ्या नाहीत, आत कॉर्सेटच्या पट्ट्या नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन गावी टपालाने शिवण शिकवणारी एक मोठी संस्था होती. तिने याच बेताचा 'तासाभरात होणारा फ्रॉक' गाजवला. तास म्हणजे जरा जाहिरातच, पण कामावरून आल्यावर एका संध्याकाळी हा फ्रॉक खरोखर होतो, मी करून बघितलाय. टीप मारायला वेळ लागतच नाही. वेळ खातो तो पट्ट्याखालच्या चुण्या सारख्या बसवण्यात. १९२८ साली व्यापारी वर्तुळात एक हिशेब फिरत होता: पंधरा वर्षांत बाईच्या पूर्ण पोशाखाचं कापड १९ वारांवरून ७ वारांवर आलं. आपल्या नऊवारीपेक्षा दोन वार कमी! १९२५ मध्ये 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाने तर अशा एका मुलीच्या अंगावरच्या वस्तूंची यादीच छापली होती: एक फ्रॉक, एक अंतर्वस्त्र, दोन मोजे, दोन बूट. संपली यादी.

हे मी कौतुकाने सांगत नाहीये. तुमच्या प्रश्नाचा पहिला धागा इथे आहे. आधीच्या पिढीचा पोशाख बघितला की बाई कुठल्या घरातली ते दुरून कळायचं, कारण तो शिवायला चांगला शिंपी लागायचा आणि घालायला दुसरी बाई लागायची. हा सरळ फ्रॉक टायपिस्ट मुलगी स्वतः शिवते, स्वतः घालते, आणि रेयॉनच्या मोज्यांमुळे पायावर रेशमासारखी चकाकी येते. (ती चकाकी जरा जास्तच स्वस्त दिसायची, म्हणून पोरी मोज्यांवर पावडर फासायच्या.) मॅनेजरची मुलगी आणि मॅनेजरची टायपिस्ट लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहिल्या तर पटकन फरक कळत नाही. उंचीवरून झालेला आरडाओरडा सगळ्यांना आठवतो. फरक पुसला जाण्याची ही अस्वस्थता मात्र फोटोत दिसत नाही.

केसांचं थोडक्यात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला नर्तकी आयरीन कॅसल हिने केस कापले, तिथून लाट सुरू झाली. बायकांच्या केशरचनाकारांना आखूड केस कापायची सवय नव्हती, म्हणून मुली सरळ पुरुषांच्या न्हाव्याकडे जाऊन रांगेत बसल्या. हे चित्र डोळ्यासमोर आणा: दाढीचा साबण, पुरुषांचं वर्तमानपत्र, आणि मधल्या खुर्चीत तुमची मुलगी. केस गेल्यावर डोक्याला घट्ट बसणारी, भुवयांपर्यंत ओढलेली क्लोश टोपी आली. ती टोपी तालमीत जरूर घाला. समोरचं दिसायला हनुवटी वर करावीच लागते, आणि लोक ज्याला या मुलींचा उर्मटपणा म्हणायचे त्यातला निम्मा उर्मटपणा टोपीचा होता.

'फ्लॅपर' शब्दाची एक लोककथा तुम्हाला कुणीतरी सांगेल, की बुटांचे बक्कल न लावल्याने ते फटफट वाजायचे म्हणून हे नाव पडलं. ती सोडून द्या. शब्द इंग्लंडमधून आला, अमेरिकेत ही फॅशन यायच्या आधीच. पंख फडफडवायला शिकणारं पिल्लू, त्यावरून अर्धवट वयाची पोर.

आता बंड. तुमच्या मुलीच्या आईच्या तरुणपणी, निदान बरं चाललेल्या घरांत, मुलगा मुलीला भेटायला तिच्या घरी यायचा. बोलावणं मुलीकडून किंवा तिच्या आईकडून जायचं, चहा घरचा, दिवाणखाना घरचा, आणि पलीकडच्या खोलीत विणकाम करत बसलेली आईही घरचीच. १९२० च्या दशकापर्यंत ही रीत मोडली आणि 'डेट' आली: नृत्यगृह, सिनेमा, रेस्टॉरंट. लहान गावांत मोटारीने हे काम केलं. १९१९ मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या दहा गाड्यांपैकी एखादीच काचा-छप्पर असलेली बंद गाडी असायची, १९२७ पर्यंत दहातल्या आठ तशा झाल्या. पावसाथंडीत दोघांना बसता येईल अशी चाकावरची खोलीच ती. न्यूयॉर्कमध्ये मोटारीची गरज नव्हती. सबवेचं तिकीट पाच सेंट, कुठूनही कुठेही. ऑटोमॅटमध्ये, म्हणजे नाणं टाकून खायचं-प्यायचं घ्यायच्या उपाहारगृहात, पाच सेंट टाकून कॉफी मिळायची, नळातून. तिथे एकटी बाई जेवायला बसली तरी कुणी वळून बघत नसे.

घराबाहेर पडण्याची ही पद्धत श्रीमंतांच्या मुलींनी शोधलेली नव्हती. कारखान्यांत, दुकानांत काम करणाऱ्या, बऱ्याचशा स्थलांतरित घरांतल्या मुली दहा-वीस वर्षं आधीपासून संध्याकाळी नृत्यगृहांत जात होत्या. एकेका खोलीत सहा-सात माणसं राहणाऱ्या घरात दिवाणखाना आणायचा कुठून? यातल्या कितीतरी मुली पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायच्या आणि आई त्यातून परत देईल तेवढ्यावर भागवायच्या. त्यामुळे मजेचा खर्च, सोडा, तिकीट, जेवण, तो मुलगा करायचा. आणि ज्याने खर्च केला त्याला बदल्यात काहीतरी हवं असायचं: किती, कुठवर, हे दर वेळी मुलीने तोलून धरायचं.

हा सौदा समजून घ्या, कारण तुमचं पात्र याच्यावर उभं आहे. भेटण्याची जागा घराबाहेर गेली तेव्हा आईचा पहारा सुटला. पण दिवाणखान्यात यजमान मुलगी असायची, बोलावणं तिच्या हातात होतं. बाहेर यजमान मुलगा झाला, कारण पाकीट त्याचं. मुलीने त्याला बोलावणं आता आगाऊपणा ठरायला लागलं. एक साखळी सुटली, दुसरी तिच्या लक्षात यायला वेळ लागला. दिग्दर्शक 'बंडखोर' म्हणतो तेव्हा त्याला पहिली गोष्ट दिसते. तुम्ही दुसरीही दाखवलीत तर पात्राला पाय फुटतील.

"पण तिला मत मिळालं होतं ना?" हो. १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसीने मंजुरी दिली आणि घटनेची एकोणिसावी दुरुस्ती पक्की झाली. पुढे काय झालं बघा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये बायकांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. तो १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या खटल्यात हॉटेलात लिफ्ट चालवणारी एक २१ वर्षांची मुलगीही होती. कायद्याने पगार वाढवावा लागणार म्हणून तिची नोकरी गेली होती, तेव्हा कायदाच नको, ही तिची बाजू. निकाल लिहिताना न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकोणिसाव्या दुरुस्तीचाच दाखला दिला: स्त्रिया आता जवळजवळ बरोबरीच्या झाल्या, मग वेगळं संरक्षण कशाला? मत मिळालं आणि त्याच मताचा आधार घेऊन वेतनाचा तळ काढून घेतला. तुमच्या टायपिस्टचं पाकीट हलकं का आणि जेवणाचं बिल तो का देतो, याचा एक दुवा इथे आहे.

दारूचा प्रसंग तुमच्या संहितेत आहे असं तुम्ही लिहिलंय. इथे मराठी वाचकाला एक ओळखीची खिडकी आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, परतल्यावर त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि ज्या अमेरिकन बायकांचं त्यांना कौतुक वाटलं त्यांत फ्रान्सेस विलर्ड यांची दारूबंदीवादी स्त्री-संघटना ठळक होती. नवऱ्याची दारू म्हणजे बायकोचे हाल, हे गणित मांडून या बायकांनी दोन पिढ्या सभा घेतल्या, प्रार्थना केल्या, गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी अंमलात आली. त्यात त्यांचा मोठा वाटा होता. आणि त्याच दशकात त्यांच्या नाती तळघरातल्या चोरट्या दारूअड्ड्यांत जाऊन कॉकटेल मागायला लागल्या! दारूबंदीआधीच्या गुत्त्यांत बायकांना मज्जाव किंवा फार तर बाजूचं दार. बेकायदा अड्ड्यात मात्र पुरुष-बाई एकाच दाराने आत. तेव्हा तुमची मुलगी ग्लास उचलते तेव्हा ती पुरुषांचा नियम मोडतेय असं समजू नका. ती आजीचा नियम मोडतेय. आजी वाईट नव्हती, आजी बरोबरच होती, आणि तरी पोरगी पितेय. हा भाव चेहऱ्यावर आणता आला तर मला कळवा.

सिगारेटची लांब नळी मात्र काढून टाका. बायका सिगारेट ओढायच्या, पण १९२६ मध्ये रस्त्यावर उघडपणे ओढणं अजून खटकायचं. ते खटकणं मोडायला ३१ मार्च १९२९ ला, ईस्टरच्या दिवशी, फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुण मुली सिगारेटी पेटवत चालल्या आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून छापलं. त्यामागे होता एडवर्ड बर्नेज हा प्रसिद्धीतज्ज्ञ, आणि पैसा अमेरिकन टोबॅको कंपनीचा. मुलींनी बंड केलं, कंपनीने ते बंड पाकिटात भरून त्यांनाच विकलं. तुमच्या प्रसंगाला तीन वर्षं अवकाश आहे, म्हणून ऑफिसच्या मागच्या जिन्यात, साधी सिगारेट, दार लोटून.

एक चित्र मी प्रत्येक वेळी नटीला सांगते, तुम्हालाही सांगते. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा कारखाना होता. कामाला किशोरवयीन आणि विशीतल्या मुली. रंगात रेडियम. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, असं त्यांना शिकवलेलं. काही जणी गंमत म्हणून नखांवर तो रंग लावायच्या, दातांवरही. नृत्याला जायचं असलं की चांगला फ्रॉक कामावरच घालून यायच्या, म्हणजे दिवसभराची धूळ बसून तो रात्री अंधारात चमकेल. याच फ्लॅपर. पुढे दात पडले, जबड्याची हाडं कुजली. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणी कोर्टात गेल्या, १९२८ मध्ये तडजोड झाली. चमचमता फ्रॉक पाहिजेच असेल दिग्दर्शकांना, तर त्या चमकण्याची ही गोष्टही त्यांना सांगा.

आणि कोण सुटलं? तुमची मुलगी ज्या चार्ल्स्टन नाचावर उड्या मारणार आहे तो काळ्या समाजातून आला, १९२३ मध्ये काळ्या कलाकारांच्या ब्रॉडवे प्रयोगाने तो देशभर नेला. हार्लेममधल्या कॉटन क्लबात नाचणारे काळे आणि टेबलांवर बसणारे फक्त गोरे, असा नियम होता. दक्षिणेकडच्या काळ्या बायकांना मताचा हक्क कागदावर १९२० ला मिळाला, पण कर आणि साक्षरतेच्या चाचण्या आडव्या घालून तो १९६५ पर्यंत रोखून धरला गेला. केस त्यांनीही कापले. फोटो गोऱ्या मुलीचा छापला गेला.

भारतीयांशी जोडलेला एक धागा तर फार कमी लोकांना माहीत असतो. १९२२ च्या केबल कायद्याने अमेरिकन बाईला सवलत दिली की परदेशी माणसाशी लग्न केलं तरी तिचं नागरिकत्व जाणार नाही. फक्त एक मेख होती: नवरा नागरिकत्वाला 'अपात्र' वंशाचा नसावा. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या अमेरिकेत राहणाऱ्या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात भारतीयांना अपात्र ठरवलं. म्हणजे जिला मत होतं, आखूड केस होते, स्वतःचा पगार होता, तिने भारतीयाशी लग्न केलं की ती स्वतःच्याच देशात परकी. अमेरिकेत राहून भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांनी, आपल्याला देशच उरला नाही, असं जाहीरपणे लिहिलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसला वकिली करणारे, यांचंही नागरिकत्व सरकारने काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी लढताना जे मुद्दे मांडले त्यात आपल्या अमेरिकन बायकोचं नागरिकत्व जाईल हाही होता. ते जिंकले. ही मेख कायद्यातून निघाली १९३१ मध्ये.

लग्नाचं राहिलंच. फ्लॅपर जन्मभर फ्लॅपर नसायची. ती विशीतली तीन-चार वर्षं असायची, मग लग्न, आणि लग्न झालं की नोकरी बहुधा सुटायची. शाळा आणि कचेऱ्या विवाहितेला सरळ नको म्हणत. लग्न लपवून नोकरी टिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. संततिनियमनाची माहिती टपालाने पाठवणं १८७३ पासून गुन्हा. मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनला काढलेलं केंद्र पोलिसांनी काही दिवसांत बंद पाडलं होतं. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये केंद्र काढलं आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य', हे लक्षात घेतलं तर दोन्हीकडची घड्याळं फार वेगळी चालत नव्हती असं दिसेल. मुंबईतलाच एक चेहरा हवा असेल तर रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना (आपल्या सुलोचनादीदी नव्हेत) यांचे जुने फोटो शोधा: आखूड केस, सरळ नजर, आणि मूकपटांत येण्याआधीची नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. तुमच्या टायपिस्टची सख्खी मावसबहीण शोभेल.

तर दिग्दर्शकांना दाखवायला पोशाख असा: मऊ क्रेपचा सरळ फ्रॉक, फिका जांभळा किंवा विटकरी, बाही कोपरापर्यंत, पट्टा नितंबावर, उंची गुडघ्याखाली दोन बोटं. चमकी नको. संध्याकाळच्या प्रसंगात फ्रॉक तोच, फक्त गळ्यात लांब खोट्या मोत्यांची माळ आणि लिपस्टिक. ऑफिसात वेगळा आणि पार्टीत वेगळा घ्यायला तिच्याकडे पैसे नाहीत, आणि ते प्रेक्षकांना दिसू दे. मोजे त्वचेच्या रंगाचे, गुडघ्याखाली वळकटी करून. बूट पायावर पट्टा असलेले, बेताच्या टाचेचे. पट्टा नसेल तर चार्ल्स्टनच्या तिसऱ्या उडीला बूट पहिल्या रांगेत जातो, माझ्या एका प्रयोगात गेलाय. खाली माया भरपूर सोडा, कारण दिग्दर्शक शेवटच्या आठवड्यात उंची बदलायला सांगतातच.

पर्स छोटी, आणि तीत काय आहे ते तुम्हाला पाठ हवं: पावडरची डबी, फिरवून वर येणारी लिपस्टिक, दाराची किल्ली, रुमाल. आणि एक नाणं. त्या मुली डेटला जाताना परतीच्या भाड्यापुरते पैसे वेगळे ठेवायच्या, त्याला त्या 'मॅड मनी' म्हणायच्या. तो अंगचटीला आला किंवा भांडण झालं तर उठून स्वतःच्या पैशाने घरी जाता यावं म्हणून. न्यूयॉर्कमध्ये त्याला पाच सेंट पुरायचे. तालमीत आपलं रुपयाचं नाणं चालेल. ते पर्समध्ये ठेवायचं की मोज्याच्या वळकटीत, हे तुम्ही ठरवा. मी असते तर मोज्यात ठेवलं असतं, कारण तिसऱ्या प्रसंगात उठून जाताना तुमची पर्स टेबलावरच राहते असं तुम्ही लिहिलंय.